खोडरेषेची उंची

१

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आज मराठीत एखादी गोष्ट निष्फळ करणे, तिच्यावर पाणी फिरवणे या अर्थाने रूढ आहे. नियमांना हरताळ फासला जातो, तत्त्वांना फासला जातो. या वाक्प्रचाराचा उगम मात्र हस्तलिखितांच्या जगातला आहे. हरताळ हे सोमल आणि गंधक यांच्या संयोगाचे पिवळे खनिज. पोथी उतरवताना लेखनिकाच्या हातून चुकीचे अक्षर पडले, की त्यावर हरताळाचा लेप द्यावयाचा आणि तो वाळल्यावर त्याच जागी योग्य अक्षर लिहावयाचे, अशी पद्धत होती. म्हणजे मुळात ही शुद्धीकरणाची कृती होती. भाषेने कालांतराने तिला विध्वंसाचा अर्थ दिला. खोडणे म्हणजे सुधारणे की नाहीसे करणे, या प्रश्नाचा निकाल या एका वाक्प्रचाराने आपल्यापुरता लावून टाकला आहे.

तो इतक्या सहजतेने मान्य करावा काय, असा प्रश्न संहितेचा अभ्यास करणाऱ्याला पडला पाहिजे. हरताळाचा लेप झिजला की खालचे अक्षर पुन्हा डोकावते. ज्याला पाठचिकित्सा करावयाची आहे त्याच्या दृष्टीने ते डोकावणारे अक्षर चूक नसते, पुरावा असतो. कवीच्या वहीत तर हे अधिकच खरे असते. तेथे खोडलेला शब्द अनेकदा चुकलेला नसतो, नाकारलेला असतो. आणि नाकारण्यामागे निवड असते. जेथे निवड आहे तेथे शैली आहे, असे मानणाऱ्या समीक्षेला खोडलेल्या शब्दाकडे पाठ फिरवता येणार नाही.

म्हणूनच 'खोडलेला मजकूर छापावयाचा कसा' हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या आवाराबाहेरचा राहत नाही. हस्तलिखिताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करणारा संपादक आज संगणकावर अक्षरजुळणी करतो. तेथे त्याला एकेका खोडीसाठी आज्ञा द्यावी लागते, आणि आज्ञा देण्यापूर्वी ही खोड कोणत्या जातीची आहे हे ठरवावे लागते. यंत्राच्या या आग्रहातून संहितेविषयीचे काही मूलभूत भेद स्पष्ट होतात. प्रस्तुत विवेचनाचा विषय तो आहे.

२

खिळ्यांच्या छापखान्यात खोडलेला शब्द छापणे सोपे नव्हते. धातूचा खिळा एकदा जागेवर बसला की त्याच जागी दुसरी रेघ बसवता येत नसे. तिच्यासाठी वेगळा ठसा घ्यावा लागे. मुद्रितशोधकाने समासात केलेली खोडखूण ही जुळाऱ्यासाठी सूचना असे. ती पाळली गेली की तिचे काम संपे, आणि वाचकापर्यंत पोचण्यापूर्वीच ती नाहीशी होई. मुद्रणसंस्कृतीने वाचकाच्या हाती जी संहिता दिली, ती जणू कधी अडखळलीच नव्हती अशा रूपात दिली. छापील कविता कायमच सफाईदार दिसते, याचे एक कारण खिळ्यांच्या धातूत आहे.

संगणकीय अक्षरजुळणीने ही भौतिक अडचण दूर केली. आपल्या 'संगणक-प्रोग्रॅमिंगची कला' या बहुखंडी ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रकाशजुळणीची मुद्रिते पाहून स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणिती-संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ असमाधानी झाले आणि १९७७ साली त्यांनी 'टेक' या अक्षरजुळणी-प्रणालीची आखणी सुरू केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक' ही आज्ञावली उभारली. तिचे मूळ तत्त्व असे की लेखकाने मजकुराचे स्वरूप सांगावे, दिसणे प्रणालीवर सोपवावे. 'हे शीर्षक आहे', 'हे अवतरण आहे' एवढे लेखकाने म्हणावयाचे. ते ठळक की तिरपे, हे अन्यत्र ठरते.

टेकच्या दृष्टीने अक्षर म्हणजे एक पेटी. तिला रुंदी आहे, आधाररेषेच्या वरची उंची आहे, खालची खोली आहे. पेटीच्या आत 'अ' आहे की 'ज्ञ', याच्याशी ओळ जुळवताना प्रणालीला कर्तव्य नाही. पेट्यांच्या मध्ये ताणता-आवळता येणारी जागा असते. शब्दाच्या पेट्या, ओळीच्या पेट्या आणि अखेर पानाची पेटी असा हा संसार आहे. या संसारात रेघ म्हणजे अतिशय कमी जाडीची काळी पेटी. तिला शब्दावर ठेवले की खोड झाली.

येथे एक उद्बोधक गोष्ट दिसते. लाटेकमध्ये मजकुरावर आडवी खोडरेषा देण्यासाठी फार वापरली जाणारी आज्ञावली म्हणजे डोनाल्ड आर्सेनो यांची 'यूलेम'. तिचे मूळ प्रयोजन खोडणे हे नाही, अधोरेखित करणे हे आहे. शब्दाखाली रेघ ओढणारी जी यंत्रणा तिने सिद्ध केली, तीच यंत्रणा रेघेची खोली ऋण करून वापरली की रेघ आधाररेषेच्या वर सरकते. रोमन 'एक्स' या अक्षराच्या उंचीच्या जवळपास निम्म्यावर ती आली की तिचे नाव बदलते. म्हणजे अधोरेखा आणि खोडरेषा या दोन रेषा नव्हेत. एकच रेषा दोन उंचींवर आहे. खाली असते तेव्हा ती 'याकडे लक्ष द्या' असे सांगते, थोडी वर गेली की 'हे वाचू नका' असे सांगते. गौरव आणि नकार यांच्यात फरक उरतो तो अक्षराच्या निम्म्या उंचीइतका.

देवनागरीत ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. तीच रेषा आणखी वर नेली की ती शिरोरेखेला मिळते. आणि शिरोरेखा अक्षराला पूर्णत्व देते. ज्या लिपीत अक्षर स्वतःच एका रेषेला लटकलेले असते, त्या लिपीत खोडणे म्हणजे पहिल्या रेषेला समांतर दुसरी रेषा ओढणे. ती नेमकी कोठून जावी, याचे माप मात्र रोमन 'एक्स'वरून घेतलेले. देवनागरीत 'एक्स' नाही. परिणामी रेषा व्यंजनाच्या अंगावरून जाते. वरचे मात्रा-अनुस्वार आणि खालचे उकार तिच्या कक्षेबाहेर राहतात. 'गुंते' हा शब्द खोडला, तर अनुस्वार, उकार आणि मात्रा अस्पर्श राहतात. हाताने खोडणारा कवी असे मोजमाप करीत नाही. त्याची रेघ सगळ्या शब्दाला कवेत घेते, कधी ती नागमोडी असते, कधी कागद फाटेल इतकी दाबून ओढलेली असते. छापील रेषेला हा दाब नाही. एकसारखी जाडी हा तिचा गुण आहे, आणि पुरावा म्हणून तिची मर्यादाही तीच आहे.

ओळ तुटण्याचा प्रश्नही याच संदर्भात पाहण्याजोगा आहे. यूलेम शब्दाशब्दाने चालते. खोडलेला लांब सामासिक शब्द ती आपण होऊन ओळीच्या शेवटी तोडत नाही. मेल्खिओर फ्रान्त्स यांची 'सोल' ही आज्ञावली शब्दाचे अवयव सुटे करून त्यांवर रेघ देते, त्यामुळे तिला शब्द तोडता येतो. परंतु रोमन लिपीची सुटी सुटी चिन्हे डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या तिच्या जुन्या रूपांना देवनागरीची जोडाक्षरे मानवणारी नव्हती. देवनागरीची स्वतःची वाट टेकमध्ये निराळी होती. १९९१ साली नेदरलँड्समध्ये फ्रान्स फेल्थाउस यांनी देवनागरीसाठी अक्षरठसे आणि रोमन टंकनाचे देवनागरीत रूपांतर करणारा पूर्वसंस्कारक तयार केला; २००४ साली जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक'नंतर युनिकोडमधील देवनागरी थेट लिहिणे शक्य झाले. अक्षर मांडण्याची सोय अशी टप्प्याटप्प्याने झाली. अक्षर खोडण्याचा विचार मात्र या लिपीच्या अंगाने स्वतंत्रपणे झालेला दिसत नाही.

३

गणिताकडे वळले की खोडरेषेचे चरित्रच बदलते. गणिती सूत्रावर आडवी रेघ ओढली तर ती खोड म्हणून वाचली जाण्याची शाश्वती नाही. गणितात आडव्या रेघेला आधीच अर्थ आहेत. ती वजाबाकीचे चिन्ह आहे, ती अंश आणि छेद यांच्यामधली रेषा आहे, आणि 'एच' या अक्षराच्या वरच्या दांड्याला छेदून गेली की २π ने भागलेला प्लांकचा स्थिरांक होते. म्हणून गणितातील खोड तिरकी असते. तिच्यासाठी आर्सेनो यांचीच 'कॅन्सल' ही वेगळी आज्ञावली आहे. एक आज्ञा चढती तिरकी रेघ देते, दुसरी उतरती, तिसरी दोन्ही मिळून फुली. चौथीचा विचार पुढे येईल.

आडवी आणि तिरकी हा केवळ दिशेचा भेद नाही. दोन अपूर्णांकांच्या गुणाकारात अंशातील आणि छेदातील समान अवयव विद्यार्थी तिरक्या रेघांनी खोडतो, तेव्हा तो काही नाकारीत नाही. खोडण्यापूर्वीचे मूल्य आणि खोडल्यानंतरचे मूल्य एकच असते. किंबहुना ते एकच राहते म्हणूनच खोडण्याची परवानगी असते. या खोडीला कर्ता असला तरी त्याचे नाव महत्त्वाचे नाही. कोणीही, केव्हाही ती केली तरी फळ तेच. कवीने 'सांज' खोडून 'संध्या' लिहिले तर असे म्हणता येत नाही. तेथे मूल्य बदलले आहे, आणि ते बदलावे म्हणूनच रेघ ओढली गेली आहे. गणितातील खोड ही क्रिया आहे, संहितेतील खोड ही घटना आहे. क्रियेला नियम असतो, घटनेला काळ असतो.

गणितातील रेषेचा तिसराही एक व्यवहार आहे. बरोबरीच्या चिन्हावर तिरकी रेघ आली की 'बरोबर नाही' असे नवे चिन्ह जन्मते. टेकमध्ये यासाठी एक तिरके चिन्ह आहे, त्याची रुंदी शून्य मानलेली आहे; स्वतः जागा न व्यापता ते पुढच्या चिन्हावर जाऊन बसते. रिक्त संचाचे चिन्ह पाहणाऱ्याला खोडलेल्या शून्यासारखे दिसते. वस्तुतः ते नॉर्वेजियन वर्णमालेतील एका अक्षरावरून घेतलेले आहे. येथे रेघ काही पुसत नाही, ती नवी वस्तू घडवते. आपल्या लिपीला हे अपरिचित नाही. रूपाने पाहता 'प'च्या पोटात तिरकी रेघ आली की 'ष' होतो, 'व'च्या पोटात आली की 'ब' होतो. 'ष' हा खोडलेला 'प' आहे असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा रेघ एकच, परंतु ती क्रिया असू शकते, घटना असू शकते किंवा वर्ण असू शकते. यंत्राला हा भेद कळत नाही. त्याला कोन आणि उंची तेवढी कळते. याचा एक बोलका दाखला अंकगणितात आहे. १६/६४ या अपूर्णांकातील वरचा ६ आणि खालचा ६ कोणी खोडला तर १/४ उरतात, आणि उत्तर बरोबर येते. २६/६५ मधील सहा खोडले तर २/५ उरतात. तेही बरोबर आहे. पण येथे ६ हा अवयव नाही, तो केवळ लिहिलेला अंक आहे. खोडण्याला आधार नाही, फळ मात्र योगायोगाने खरे. कॅन्सल आज्ञावली ही चुकीची खोड आणि शाळेतील योग्य खोड सारख्याच सुबकतेने छापील. रेषा सुबक आहे म्हणून तिच्यामागचे कारण शुद्ध ठरत नाही. संपादकाने हे वाक्य आपल्या मेजावर लावून ठेवावे इतके ते त्याच्या कामाचे आहे.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोडलेल्या शब्दाने तत्त्वचिंतनातही प्रवेश केला. हायडेगर यांनी १९५० नंतरच्या दशकातील एका निबंधात 'असणे' या अर्थाच्या जर्मन शब्दावर फुली मारून तो शब्द छापला, आणि ही फुली निव्वळ निषेधाची नाही असे तेथेच स्पष्ट केले. देरिदा यांनी १९६७ च्या आपल्या लेखनमीमांसेच्या ग्रंथात ही रीत स्वीकारली; गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांच्या १९७६ च्या इंग्रजी भाषांतराने आणि त्याच्या दीर्घ प्रस्तावनेने ती इंग्रजी जाणणाऱ्या समीक्षकांपर्यंत पोचवली. शब्द अपुरा आहे म्हणून तो खोडावयाचा. त्याच्यावाचून चालत नाही म्हणून तो वाचता येईल असा ठेवावयाचा. ही फुली कवीच्या खोडीसारखी नाही, कारण तिच्या आधी आणि नंतर असे काळाचे दोन टप्पे नाहीत; शब्द आणि फुली एकाच वेळी लिहिली गेली आहेत. ती गणितातील क्रियाही नाही. ती तिसऱ्या जातीची, म्हणजे वर्णाच्या जातीची आहे. फुलीसह तो शब्द हा एक नवा शब्द आहे.

मराठी समीक्षेत विरचनेची चर्चा करताना हस्तलिखितातील प्रत्येक खोडीला या तात्त्विक फुलीचा मान देण्याचा मोह पडू शकतो. तो आवरला पाहिजे. कवीने शब्द खोडला तेव्हा तो बहुधा जावा अशीच त्याची इच्छा होती. तो आपण वाचतो, हा आपला अधिकार आहे. तो वाचला जावा हा त्याचा हेतू होता असे म्हणणे मात्र पुराव्याविना केलेले विधान आहे.

५

मराठी परंपरेत या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे आधीच दिली गेली आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून तिचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. मराठी पाठचिकित्सेचा हा आद्य आणि थोर प्रयत्न. पण त्यांनी जे काढले ते कोणते होते, हे त्यांच्या शुद्ध प्रतीवरून कळत नाही. श्रद्धावान वाचकाला ते कळण्याची गरज नव्हती. अभ्यासकाला ती आहे.

दुसरे उत्तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत दिले. १९१९ मध्ये हाती घेतलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली सिद्ध झाले, आणि पुढील पर्वांचा नमुना ठरले. या आवृत्तीत मूळ संहितेत न घेतलेले श्लोक फेकून दिलेले नाहीत; तारकाचिन्ह आणि क्रमांक देऊन ते रेषेखाली ठेवले आहेत, दीर्घ भाग परिशिष्टांत दिले आहेत. मूळ संहितेतील जे शब्द संपादकाला निश्चित वाटले नाहीत त्यांच्याखाली नागमोडी रेघ आहे. ही रेघ गौरवाची नाही, नकाराचीही नाही. ती संपादकाच्या संशयाची प्रामाणिक कबुली आहे. पाश्चात्त्य शिलालेखविद्येतही प्राचीन काळीच खोडल्या गेलेल्या अक्षरांसाठी दुहेरी चौकटी कंस वापरण्याचा लायडन संकेत १९३१ साली ठरला. खोडणारा प्राचीन की आधुनिक, हे कंसांवरून कळते.

खोडणारा कोण, हे कळण्याचे महत्त्व एलियट यांच्या 'वेस्ट लँड'च्या हस्तलिखिताच्या १९७१ च्या प्रतिकृती-आवृत्तीने आधुनिक वाचकाला पटवून दिले. व्हॅलरी एलियट यांनी तेथे कवीच्या, एझ्रा पाउंड यांच्या आणि कवीच्या पहिल्या पत्नीच्या खुणा वेगवेगळ्या ओळखू येतील अशा छापल्या. त्या सर्व खोडी एकसारख्या काळ्या रेषांनी दाखवल्या असत्या तर कवितेच्या जडणघडणीविषयीचा अर्धा पुरावा नष्ट झाला असता, आणि तो जपल्याचा आभास मात्र निर्माण झाला असता.

येथे गणिताकडून एक गोष्ट उसनी घेण्यासारखी आहे. कॅन्सल आज्ञावलीतील चौथी आज्ञा खोडरेषेच्या टोकाला बाण जोडते आणि बाणाच्या अग्राशी मूल्य लिहिते: हे पद शून्याकडे गेले, हे एककाकडे गेले. म्हणजे ही खोड आपल्या मागे काय आले ते सांगते. ही आज्ञा केवळ गणितासाठी आहे. परंतु संहितेतील खोडीला नेमका हाच बाण हवा असतो: 'सांज' जाऊन कोणता शब्द आला, त्याच बसणीत की वर्षानंतर, त्याच शाईने की दुसऱ्या हाताने. चिकित्सित आवृत्तीतील तळटीप हे त्या बाणाचे मजकुरातले रूप होय. जॉन लाव्हान्यिनो आणि संस्कृतचे अभ्यासक डॉमिनिक वुयास्टिक यांनी १९९० च्या सुमारास टेकसाठी चिकित्सित आवृत्त्यांची 'एडमॅक' ही आज्ञावली रचली. ओळींचे क्रमांक, मूळ शब्द आणि पाठभेदांचे थर ती सांभाळते. साधने आहेत, याचा अर्थ असा की उणीव साधनांची नाही.

६

उणीव नामकरणाची आहे. लाटेकमध्ये संपादकाला स्वतःच्या आज्ञा निर्माण करता येतात. तो प्रत्येक खोडीसाठी थेट 'रेघ ओढ' असे लिहू शकतो. किंवा 'कविखोड', 'परहस्तखोड', 'लेखनिकखोड', 'संशयित' अशा आज्ञा घडवून त्यांचे दिसणे एका जागी ठरवू शकतो. पहिल्या मार्गाने पान लवकर तयार होते. पण मग मूळ फाइलमध्ये केवळ रेषांची उंची उरते, आणि पुढील अभ्यासकाला कवीने केलेली खोड आणि प्रकाशकाच्या माणसाने केलेली खोड पुन्हा एकदा हस्तलिखितावरूनच वेगळी करावी लागते. तोवर ते हस्तलिखित टिकले असेल तर. दुसऱ्या मार्गात निर्णय आधी घ्यावा लागतो आणि तो लिहून ठेवावा लागतो. लॅम्पोर्ट यांचे तत्त्व येथे सोयीची बाब राहत नाही, ते संपादकीय नीतीचे तत्त्व होते.

हा प्रश्न आजच्या मराठी लेखनाबाबत अधिक निकडीचा आहे. कागदावर लिहिणाऱ्याच्या बाबतीत खोड राहणे ही सहज गोष्ट होती, पुसणे कष्टाचे होते. संगणकावर लिहिणाऱ्याच्या बाबतीत हे नाते उलटे झाले आहे: पुसणे सहज आहे, खोड ठेवण्यासाठी मुद्दाम आज्ञा द्यावी लागते. एका मसुद्याची दुसऱ्याशी तुलना करून वगळलेला मजकूर तांबड्या खोडरेषेने आणि नवा मजकूर निळ्या नागमोडी रेषेने दाखवणारी 'लाटेकडिफ'सारखी साधने आहेत. पण जुना मसुदा जपलाच नसेल तर तुलना कशाची करणार? विशेष असे की टेकच्या कर्त्याने हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला होता. क्नुथ यांनी आपल्या प्रणालीतील दोषांची नोंद सातत्याने ठेवली, १९८९ मध्ये ती विवेचनासह प्रसिद्ध केली, आणि नवा दोष दाखवणाऱ्यास धनादेश देण्याची प्रथा पाळली. एका गणितीला आपल्या खोडी प्रकाशनयोग्य वाटल्या, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

मराठीतील कवींच्या वह्या घरोघरी, ट्रंकांत आणि माळ्यांवर आहेत, आणि कागदाचे आयुष्य मोजके आहे. त्या वह्यांचे संपादन पुढील पिढी करील तेव्हा तिच्याजवळ छापण्याची साधने आपल्यापेक्षा उत्तम असतील, यात शंका नाही. तिला हवे असेल ते प्रत्येक रेघेमागचे नाव, काळ आणि कारण. ही माहिती वही उघडी असताना, शाईचा रंग दिसत असताना, लेखकाचे हस्ताक्षर ओळखणारे कोणी हयात असतानाच लिहून ठेवता येते. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सेचा अभ्यासक्रम शिकवताना विद्यार्थ्याच्या हाती एक जुनी वही द्यावी आणि तिच्यातील एका पानावरील प्रत्येक खोडीला नाव देण्यास सांगावे. दहा खोडींपैकी चारपाचांना तरी त्याला नाव देता येणार नाही. त्यांच्याखाली त्याने नागमोडी रेघ द्यावी.